खडपावरची गळमासेमारी, मालवण

मालवणच्या कुरटे बेटाच्या आसपास किनाऱ्यावरील खडपांवरून, म्हणजे खडकांवरून, गळाने होणारी हंगामी मासेमारी. मालवणीत हिला गरवणे म्हणतात. कोल्हापूरचे हौशी गळवाले फोंडा किंवा गगनबावडा घाटाने इथे उतरतात.

बेटावर सिंधुदुर्ग किल्ला (बांधकाम १६६४–६७) आहे. १९८७ साली घोषित झालेल्या २९.१२ चौ.किमी. सागरी अभयारण्याच्या गाभाक्षेत्रात हा किल्ला आणि पद्मगड येतात. तिथे मासेमारीला मनाई आहे, त्यामुळे गळ टाकण्याआधी हद्द स्थानिकांकडून समजून घ्यावी.

दसऱ्यानंतर पाणी निवळते. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. मार्चनंतर दुपारी वारा उठतो, म्हणून पहाटच खरी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. खडपावर उभे राहण्यासारखा समुद्रही तेव्हा नसतो.

पंचगंगेवर तयार झालेला गळवाला इथे चुकतो तो वेळेत. तो रविवार बघून निघतो. बघायची असते तिथी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीन वाजता. मालवणात ती त्याच्याही थोडी आधी येते. ओहोटी संपून पाणी चढू लागले की पहिले दोन-तीन तास मासा खडपाजवळ चरायला येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त असते, शिसे जागेवर ठरत नाही. अष्टमीच्या भांगात, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी मंद आणि मासाही सुस्त. मधले दिवस धरावेत. परतीची वाट पाण्याखाली जाण्याआधी खडप सोडावे.

नऊ-दहा फुटी काठी, ०.३५ ते ०.४० मिमी दोरा, ४० ते ६० ग्रॅम शिसे पुरते. शिसे मुख्य दोऱ्यापेक्षा बारीक दोऱ्याने बांधावे. ते कपारीत अडकले तर तेवढेच तुटते, मासा आणि गळ वाचतात. टोकी माशाचे दात दोरा कापतात, म्हणून ती असेल तिथे गळाजवळ तारेचा तुकडा लावावा. नदीवरचे गांडूळ खाऱ्या पाण्यात लगेच मरते आणि लिबलिबीत होते. कोलंबी, माकुल (स्क्विड) किंवा तारली माशाचा तुकडा वापरावा. कणकेचा गोळा शेवटा माशाला मात्र चालतो. तांबोशी आणि गोबरा गळ लागताच बिळात शिरतात, त्यांना सैल सोडणे म्हणजे गमावणे. संध्याकाळी रीळ गोड्या पाण्याने धुतले नाही तर क्षार बसून ते आखडते.

शेंगटी माशाच्या पाठीवरचा व कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो. टोचल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि डॉक्टर गाठावा. फुगणारा केंड मासा खाऊ नये. त्याचे विष शिजवूनही जात नाही.

कोल्हापूरला परतायला चार-पाच तास लागतात. मासा आधी साफ करून त्याच्या वजनाइतका फोडलेला बर्फ वर-खाली घालावा. डब्याला पाणी निघायला भोक हवेच: वितळलेल्या पाण्यात पडून राहिलेला मासा राधानगरी येईपर्यंत मऊ पडतो.