गप्प पडलेली कोंबडी शांत नसते

प्राण्यांवरच्या क्रूरतेचा माहितीपट पाहताना आपली नजर आधी हात उगारणारा माणूस शोधते. तो सापडला की राग कुणावर काढायचा हे ठरतं. असं चित्रण परिणामकारकही असतं. 2008 च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या एका कत्तलखान्यात छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्यं बाहेर आली. त्यात उभ्याही राहू न शकणाऱ्या गायींना फोर्कलिफ्टने ढकललं जात होतं. त्या फेब्रुवारीत 14 कोटी 30 लाख पौंड, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी किलो गोमांस बाजारातून परत मागवावं लागलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेने अशा गुरांच्या कत्तलीवर बंदी घातली.

पण अंड्यांच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये तासभर कॅमेरा फिरवला, तरी कुणी कुणाला मारताना दिसेलच असं नाही. खाद्य वेळेवर येतं, पाणी निपलमधून थेंबथेंब मिळतं, अंडी उतारावरून घरंगळत पुढच्या पन्हाळीत येतात. इथला त्रास रोजच्या व्यवस्थेतच मुरलेला असतो. तो दिसायचा, तर काय पाहायचं हे आधी माहीत हवं.

सुरुवात जागेपासून करू. ओळीने लावलेल्या तारेच्या रूढ पिंजऱ्यात, म्हणजे बॅटरी पिंजऱ्यात, एका कोंबडीच्या वाट्याला साधारण 450 ते 550 चौरस सेंटिमीटर जागा येते. ए-फोर आकाराचा कागद 624 चौरस सेंटिमीटरचा असतो. 1989 मध्ये प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक मॅरियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने कोंबड्यांचं वरून चित्रण करून प्रत्येक हालचालीला किती जागा लागते ते मोजलं. नुसतं उभं राहायला सरासरी 475, माती उकरायला 856, एक पंख ताणायला 893, चोचीने पिसं साफ करायला 1151, वळायला 1272 आणि पंख फडफडवायला 1876 चौरस सेंटिमीटर. म्हणजे पिंजऱ्यात कोंबडी उभी राहू शकते. वळायचं तर तिला शेजारणीला रेटूनच वळावं लागतं. चित्रफितीत कोंबड्या एकमेकींना चेंगरत वळताना दिसल्या, तर ते भांडण समजू नका. तो जागेचा हिशेब आहे.

यापेक्षा खोलवरचा त्रास अंडं घालण्याआधीच्या तासा-दोन तासांत दिसतो. गावात कोंबड्या पाळलेल्यांना हे नवं नाही: अंड्यावर आलेली कोंबडी आडोसा शोधते, पाटीत किंवा भाताणात शिरते, गोल फिरून बसायला खळगा करते. ही सवय शिकून आलेली नसते. आदल्या दिवशी अंडाशयातून बलक सुटतो आणि त्यानंतर सुरू होणाऱ्या संप्रेरकांच्या बदलांमुळे दुसऱ्या दिवशी ही ओढ जागी होते. पिंजऱ्यात घरटं नसलं तरी संप्रेरकं आपलं काम करतातच. मग कोंबडी येरझाऱ्या घालते, जाळीतून डोकं बाहेर काढते, शेजारणींच्या खाली शिरू पाहते. घरट्यापर्यंत पोहोचण्यासाठी कोंबड्या जड दारं ढकलतात, अरुंद फटींतून अंग चोरून जातात, असं प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. ही धडपड तिला जवळपास रोज करावी लागते. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, तर आजची लेयर कोंबडी तीनशेच्या वर.

कोंबडीला काय हवं हे माणसाने परस्पर ठरवू नये, हे शास्त्रज्ञांनाही अनुभवानेच कळलं. ब्रिटनमध्ये 1965 साली पाळीव जनावरांच्या हिताचा विचार करणाऱ्या सरकारी ब्रँबेल समितीने शिफारस केली की पिंजऱ्याच्या तळाला बारीक षटकोनी जाळी वापरू नये, ती पायांना बोचत असणार. 1973 मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांनाच निवड करू दिली. कोंबड्या जाऊन उभ्या राहिल्या त्या नेमक्या त्या बारीक जाळीवर, कारण तिथे पंजाला जास्त ठिकाणी आधार मिळतो. समितीचा हेतू चांगला होता, पण निवड कोंबडीची नव्हती. माहितीपट पाहतानाही ही चूक सहज होते. आपल्याला जे किळसवाणं वाटतं ते तिला सर्वांत जास्त दुखत असेलच असं नाही.

उलट, तिला जे खरोखर भयंकर वाटतं ते आपल्याला शांत दिसू शकतं. कोंबडीला उताणी करून काही सेकंद दाबून धरलं, तर हात सोडल्यावरही ती निपचित पडून राहते. ही शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावरची भीतीची प्रतिक्रिया आहे. ती किती वेळ तशी पडून राहते, यावरून संशोधक तिच्या भीतीची मोजदाद करतात. म्हणून कामगाराच्या हातात गप्प पडलेली कोंबडी पाहून ‘बघा, तिला काही होत नाही’ असं कुणी म्हटलं, तर ते साफ चूक आहे.

कत्तलखान्यातल्या दृश्यांत हा घोटाळा दोन्ही बाजूंनी होतो. बेशुद्ध झालेली कोंबडीही जोरात पंख झाडू शकते. ती मज्जारज्जूची हालचाल असते. याउलट बेशुद्ध करण्यासाठी दिलेला विजेचा प्रवाह कमी पडला, तर शरीर लुळं पडूनही मेंदू जागा राहू शकतो. त्यामुळे फडफडीपेक्षा दोन गोष्टी बघाव्यात: श्वास नियमित लयीत चालू आहे का, आणि डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटते का. यातलं एकही लक्षण असेल, तर ती नीट बेशुद्ध झालेली नाही असंच धरायचं.

हाडं मात्र कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमहून थोडं जास्त कॅल्शियम असतं. खाद्यातलं कमी पडलं की ते हाडांतून काढलं जातं. पिंजऱ्यात हालचाल नसल्याने हाडं आणखी ठिसूळ होतात आणि अंडी कमी झालेल्या कोंबड्या पायाला धरून ओढून काढताना ती मोडतात. ब्रिटनमधल्या एका जुन्या तपासणीत बॅटरीतल्या सुमारे 29 टक्के कोंबड्यांची हाडं कत्तलीच्या आधीच मोडलेली आढळली होती. पिंजरा काढला की प्रश्न मिटतो, असंही नाही, आणि पिंजऱ्याविरुद्ध बोलणाऱ्यांनी हे लपवू नये. बहुमजली मोकळ्या शेडमध्ये कोंबड्या उड्या मारताना दांड्यांवर आदळतात. तिथे छातीच्या हाडाला तडा गेलेल्यांचं प्रमाण अनेक कळपांत निम्म्याच्या वर जातं. त्यावर उपाय आहेत: दांड्यांमध्ये कमी उंचीचं अंतर, चढायला उतरती फळकुटं, पिल्लू असल्यापासून उंचावर बसण्याचा सराव.

चित्रीकरण करणाऱ्यांकडूनही काही गोष्टी निसटतात. शेडमध्ये उजेड बहुधा मंद असतो आणि कॅमेरा आपोआप तो उजळ करून दाखवतो, त्यामुळे अंधार खोटा ठरतो. अमोनियाचा वास पडद्यावर येत नाही. 25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 25 भागांच्या) वर तो कोंबडीच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला जाचतो, आणि विष्ठा साचलेल्या बंद शेडमध्ये थंडीत शेडच्या बाजूंचे पडदे खाली सोडले की तो झपाट्याने वाढतो. म्हणून पुरावा म्हणून चित्रण करायचं, तर पिंजऱ्याच्या कडेला मोजपट्टी धरून लांबी, रुंदी, उंची आणि आतल्या कोंबड्यांची संख्या एकाच चौकटीत घ्यावी. उजेड मोजणारं लक्समीटर आणि अमोनिया मोजणारी नळी यांचं वाचन कॅमेऱ्यासमोरच करावं. एका पिंजऱ्याचं पहाटेपासून दुपारपर्यंत न थांबता चित्रण केलं, तर येरझाऱ्या दिसतात. संगीत लावून जोडलेल्या पाच-पाच सेकंदांच्या तुकड्यांत त्या कधीच दिसणार नाहीत. मेलेली कोंबडी दाखवताना कळपात किती कोंबड्या आहेत तेही सांगावं, नाहीतर एक मेली की शंभर मेल्या, याचा अंदाजच येत नाही.

ही मोजमापं आपल्याकडे फार कामाची आहेत. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम 11(1)(ई) नुसार प्राण्याला हालचालीची वाजवी संधी मिळणार नाही इतक्या अपुऱ्या उंची, लांबी किंवा रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. 2017 मध्ये विधी आयोगाने आपल्या 269 व्या अहवालात अंड्यांच्या आणि मांसल कोंबड्यांच्या पालनाचे स्वतंत्र नियम सुचवले. युरोपीय संघाने साधे बॅटरी पिंजरे 1 जानेवारी 2012 पासून बंद केले; पण त्यांच्या सुधारित पिंजऱ्यातही एका कोंबडीला 750 चौरस सेंटिमीटरच जागा आहे, वळायला लागणाऱ्या सरासरी जागेपेक्षा पाचशेने कमी. ‘वाजवी संधी’ म्हणजे किती, हे कायद्यात लिहिलेलं नाही. मोजपट्टीसह केलेलं चित्रण न्यायालयासमोर ठेवलं आणि शेजारी 1989 चे ते आकडे मांडले, तर ती किती असावी यावर निदान ठोस बोलता येईल.