गिटारची तबली : लाकडाची निवड

गिटारच्या खोक्यावर पुढच्या बाजूला बसवलेली, मधोमध गोल छिद्र असलेली पातळ फळी म्हणजे तबली. हा शब्द सतार-तंबोरा बनवणाऱ्यांचा. गिटारवाले तिला ‘टॉप’ म्हणतात. बारीक तार एकटी हवा फारशी हलवू शकत नाही. तिचे कंपन घोडीवाटे, म्हणजे तबलीवर चिकटवलेल्या ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्यावाटे, तबलीत उतरते आणि आवाज होतो तो तबली हलल्यामुळे. पाठ आणि बाजूंचा वाटा त्यामानाने दुय्यम. स्पेनमधील कारागीर अंतोनिओ दे तोरेस याने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बनवली, तबली मात्र लाकडाचीच ठेवली. ती गिटार बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. दक्षिण भारतातली शिसवी जगभरच्या गिटारांत जाते ती पाठ-बाजूंसाठी. तबलीसाठी ती फार जड.

तबलीकडून दोन विरुद्ध गोष्टींची अपेक्षा असते. १२-५३ मापाच्या (सर्वांत बारीक तार इंचाच्या १२ हजारांश, सर्वांत जाड ५३ हजारांश) पोलादी तारांच्या संचाची एकूण ओढ सुमारे ७४ किलो भरते, नायलॉनच्या तारांची ४० किलोच्या आसपास. ही ओढ वर्षानुवर्षे सोसायची आणि तरीही बोटाच्या हलक्या छेडण्याने थरारायचे. म्हणून ताठ पण हलके लाकूड लागते. सूचिपर्णी झाडांचे लाकूड या कसोटीला उतरते, कारण रेषांच्या दिशेने ते आडव्या दिशेपेक्षा दहा-वीस पट ताठ असते आणि घनमीटरला जेमतेम ३५० ते ४५० किलो भरते.

प्रचलित लाकडे

स्प्रूस हे सूचिपर्णी झाड. त्याची सिट्का ही जात, म्हणजे सिट्का स्प्रूस, अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनारपट्टीवर वाढतो. पहिल्या महायुद्धात विमानांच्या सांगाड्यांसाठी याच लाकडाला मोठी मागणी होती. तिथेही अट तीच, हलके आणि ताठ. आज कारखान्यांत बनणाऱ्या पोलादी तारांच्या गिटारांत तो सर्वांत जास्त दिसतो. झाडे प्रचंड असल्याने रुंद, निर्दोष फळ्या मिळतात. घनता ४२० किलोच्या आसपास. जोरात स्ट्रमिंग केले तरी आवाज फाटत नाही. हळुवार वाजवणाऱ्याला मात्र तो कधी कधी ‘उघडत’ नाही, आवाज मोकळा होत नाही, असे वाटते.

पूर्व अमेरिकेतला तांबडा स्प्रूस ‘ॲडिरॉनडॅक’ या नावाने विकला जातो. गिटार बनवणारी अमेरिकेतली मार्टिन कंपनी १९४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः हाच वापरत असे. मोठी झाडे संपत आली तशी ती सिट्काकडे वळली. आता मिळणाऱ्या फळ्यांत वार्षिक वलये रुंद आणि रंग असमान असतो, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. आल्प्स आणि कार्पेथियन पर्वतातला युरोपीय स्प्रूस व्हायोलिनमुळे प्रसिद्ध आहे. इटलीतल्या व्हाल दि फिएम्मे खोऱ्याचे नाव त्यात आघाडीवर. एंगलमान स्प्रूस पांढुरका, सिट्कापेक्षा हलका आणि थोडा लवचीक.

वेस्टर्न रेड सीडर हा खरे तर सीडर नव्हेच, तो थुजा प्रजातीतला. माद्रिदचे गिटार-कारागीर होसे रामिरेझ तिसरे यांनी १९६०च्या दशकात तो क्लासिकल, म्हणजे नायलॉनच्या तारांच्या, गिटारमध्ये रुजवला. घनता साधारण ३५०-३७०, रंग तपकिरी-तांबूस, आवाज पहिल्या दिवसापासून मोकळा. मऊ इतका की नखाने खड्डा पडतो. घासताना उडणाऱ्या त्याच्या भुशात प्लिकॅटिक आम्ल असते आणि त्याने दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. चांगला मास्क आणि धूळ ओढणारे यंत्र हवे.

महोगनी आणि हवाई बेटांवरचा कोआ यांच्याही तबल्या होतात. त्या जड असतात, आवाज दबका पण नेमका येतो.

फळी पारखणे

वरील वर्णने सरासरीची आहेत. एकाच जातीच्या दोन झाडांत, कधी एकाच ओंडक्याच्या दोन टोकांत, दोन जातींमध्ये असतो त्यापेक्षा जास्त फरक निघतो. म्हणून जातीचे नाव विचारून थांबणाऱ्यापेक्षा वजनकाटा घेऊन बसणारा कारागीर बरा.

तबली एका जाड फळीचे पुस्तकासारखे दोन भाग उघडून, मधोमध जोडून होते. ड्रेडनॉट या मोठ्या, रुंद आकाराची गिटार खाली जवळपास ४० सेंमी रुंद असते, तेव्हा प्रत्येक अर्धा भाग किमान २०-२१ सेंमी रुंद आणि ५५ सेंमी लांब लागतो. ४ मिमी जाडीचा असा भाग १६५ ग्रॅम भरला तर हलका, १८५ मध्यम, २०० च्या वर गेला तर जड. जड फळी ताठही असेल तर चालते, पातळ करता येते. जड आणि लवचीक असेल तर परत करावी.

ताठपणा ऐकून कळतो. फळी एका टोकापासून साधारण १२ सेंमीवर, कडेजवळ, दोन बोटांत हलकी धरून मधोमध बोटाच्या सांध्याने ठोकतात. याच मापाच्या बऱ्या स्प्रूसचा मूळ सूर ७० हर्ट्झच्या आसपास येतो. मोबाइलवरच्या सूर मोजणाऱ्या ॲपवर तो दिसतो. माप आणि वजन सारखे असलेल्या दोन फळ्यांपैकी एकीचा सूर ७२ आणि दुसरीचा ६४ आला, तर दुसरी सुमारे २१ टक्के कमी ताठ. सूर विरायला किती वेळ लागतो तेही ऐकावे. ‘ठप्प’ करून थांबणारी फळी लाखेने किंवा पॉलिशने सुधारत नाही.

मग टोकाकडून पाहावे. वार्षिक वलये पृष्ठभागाला काटकोनात उभी हवीत. १५ अंशांपर्यंतचा कल चालतो. वलये ४५ अंशांवर असतील तर आडवा ताठपणा पार कोसळतो, अगदी वलये आडवी असलेल्या फळीपेक्षाही खाली. काप सरळ असल्याची खूण म्हणजे रेषांना आडवी जाणारी रेशमी चमक.

सर्वांत फसवा दोष रनआउट. क्रिकेटशी संबंध नाही: झाड पीळ घेत वाढले की धागे फळीच्या पृष्ठभागाशी समांतर न राहता तिरके बाहेर पडतात. वरून रेषा सरळच दिसतात. जोडलेल्या तबलीत एक अर्धा भाग उजळ, दुसरा गडद दिसतो आणि गिटार फिरवली की रंग अदलाबदल होतात. अशा तबलीतून घोडी उखडते ती लाकडाचे सालपट घेऊन. यासाठी करवतीने कापलेल्यापेक्षा कुऱ्हाडीने किंवा पाचरीने फोडलेला ओंडका घ्यावा. तो धाग्याच्या वाटेनेच फुटतो.

इंचाला किती रेषा, हा दुकानात सर्वाधिक ताणला जाणारा मुद्दा. बारीक रेषांनी भाव वाढतो, ताठपणा वाढेलच असे नाही. ‘अस्वलाचे ओरखडे’ म्हणून मिरवणाऱ्या नक्षीचेही तसेच: दिसायला छान, बस.

जाडी

फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ३ मिमीची तबली २.७ केली तर वजन दहा टक्के घटते, ताठपणा मात्र २७ टक्के. पोलादी तारांसाठी २.५ ते ३.२ मिमी, नायलॉनसाठी २ ते २.५ मिमी ही रूढ मर्यादा. सीडरला दोन-तीन दशांश जास्त ठेवतात. शेवटचा अर्धा मिलिमीटर रंधा बाजूला ठेवून स्क्रेपरने (खरवडायच्या धारदार पत्र्याने) काढावा, दर काही फेऱ्यांनी फळी वाकवून आणि ठोकून पाहत. ठरावीक आकडा गाठण्याच्या नादात मऊ फळी पातळ झाली की वर्षभरात घोडीमागे पोट सुटते आणि तारा गळपट्टीपासून, म्हणजे बोटे दाबायच्या पट्टीपासून, उंच जातात.

दमटपणा आणि महाराष्ट्र

सिट्का ओला असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वलयांना काटकोनात सुमारे ४.३ टक्के आकसतो, वलयांच्या दिशेने ७.५ टक्के. ४५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत लाकडात ८ टक्के पाणी असते, ८० टक्क्यांत १६. म्हणजे ४० सेंमीची सुटी फळी पावसाळ्यात साडेचार मिलिमीटर रुंदावेल. चुकीच्या कापाची, म्हणजे वलये आडवी असलेली, असेल तर ८ मिलिमीटर. गिटारमध्ये तबलीला आतून चिकटवलेल्या आडव्या पट्ट्या तिला पसरू देत नाहीत, म्हणून ती फुगते. मुंबई-कोकण-गोव्यात जुलैमध्ये तारा एकाएकी उंच होतात त्या यामुळेच. पाऊस सरला की तबली बहुधा पूर्ववत होते.

उलटा प्रवास महागात पडतो. पावसाळ्यात दमट लाकडावर पट्ट्या चिकटवल्या आणि गिटार एप्रिलमध्ये पुण्या-नागपुरात गेली, जिथे दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांखाली उतरते, तर आकसू पाहणारी तबली मधल्या जोडाशी किंवा गळपट्टीच्या कडेला तडकते. पट्ट्या चिकटवण्याचे काम ४०-४५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत, फळ्या तिथे दोन-तीन आठवडे मुरवूनच करतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांची तबली तूनची, पानझडी झाडाची असते, त्यामुळे तिचे हिशेब गिटारला लागू करू नयेत.

भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त गिटारांची तबली बहुतेकदा प्लायची असते. ओळखायला गोल छिद्राची कड पाहावी: वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरल्या तर अखंड लाकूड, मध्ये वेगळ्या रंगाचा थर दिसला तर प्लाय. कडेला काळा रंग फासला असेल तर विक्रेत्याला विचारावे. प्लायचा आवाज बसका असतो, पण समुद्राजवळ उघड्या खिडकीच्या घरात, भिंतीवर टांगून ठेवायची शिकाऊ गिटार असेल तर तीच निवड शहाणपणाची.