प्लायवूडची घरगुती कार्ट चॅसी

प्लायवूडची घरगुती कार्ट चॅसी : प्लायचे थर किंवा तयार तक्ते एकमेकांवर चिकटवून हौशी कारागिरांनी बांधलेला छोट्या चारचाकी कार्टचा (गो-कार्टचा) सांगाडा. कारखान्यातली कार्ट पोलादी नळ्या वेल्डिंगने जोडून बनते. लाकडाकडे वळणाऱ्यांजवळ वेल्डिंग मशीन नसते, असे कारण नेहमी दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. वजनाच्या मानाने प्लाय चांगलेच ताठ असते. पोलादाचे वजन घनमीटरला ७,८५० किग्रॅ., तर बर्च या झाडाच्या प्लायचे ६५० ते ७०० किग्रॅ. दीड मीटर लांब, ६० सेंमी. रुंद आणि १८ मिमी. जाडीचा अख्खा तक्ता जेमतेम ११ किलो भरतो. शिवाय लाकूड चुकले तर कापून पुन्हा चिकटवता येते.

पहिली कार्ट १९५६ साली आर्ट इंगल्स यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात बनवली. तिच्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर गवतकापणी यंत्राचे टू-स्ट्रोक इंजिन बसवले होते. तेव्हापासून कार्ट म्हणजे नळ्या हे समीकरण पक्के झाले. लाकडी चॅसीची परंपरा मात्र मोटारींकडून आणि त्याआधी विमानांकडून आली. ब्रिटनचे डी हॅविलँड मॉस्किटो हे विमान नोव्हेंबर १९४० मध्ये पहिल्यांदा उडाले. त्याचे धड बर्चच्या पातळ प्लायमध्ये बाल्सा या अतिहलक्या लाकडाचा गाभा धरून साच्यावर घडवलेले होते. डी हॅविलँडमध्ये काम केलेल्या फ्रँक कॉस्टिन यांनी जेम मार्श यांच्यासोबत १९५९ मध्ये मार्कोस ही मोटार कंपनी सुरू केली. तिच्या गाड्यांची चॅसी मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायची होती. मार्कोसच्या पुढच्या एका गाडीची चॅसी ३८६ तुकडे चिकटवून तयार व्हायची. गाडी हलकी आणि भक्कम होई, पण हे चिकटकाम वेळखाऊ आणि महाग पडे. १९६९ मध्ये कंपनी पोलादी चॅसीवर गेली. कारखान्याला जे परवडले नाही ते रविवारी काम करणाऱ्या हौशी माणसाला परवडते, कारण तो स्वतःच्या वेळेचे पैसे लावत नाही.

लाकडी कार्टची खरी अडचण ताकदीची नसून पिळाची आहे. कार्टला सस्पेन्शन नसते. मागची दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर असतात आणि मध्ये डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, पण दांडा दोघांनाही सारखेच फिरवतो. त्यामुळे आतले मागचे चाक क्षणभर उचलले जावे लागते, नाहीतर कार्ट वळायचे सोडून सरळ ढकलली जाते. पुढच्या चाकांच्या कलत्या किंगपिनमुळे (चाक ज्याभोवती वळते त्या खिळीमुळे) स्टिअरिंग वळवताच आतले पुढचे चाक खाली दाबले जाते, आणि तो दाब चॅसीतून कर्णरेषेत मागे पोहोचून आतले मागचे चाक हलके करतो. म्हणजे कार्टची चॅसी हेच तिचे सस्पेन्शन. ती ठरावीक प्रमाणात पिळली जावी आणि लगेच मूळ जागी यावी, ही अपेक्षा असते.

प्लायमध्ये हे प्रमाण साधणे अवघड आहे. चपलांचा रिकामा खोका झाकण घट्ट चिकटवून पिळून पाहावा आणि मग झाकण काढून पिळावा, म्हणजे फरक कळतो. बंद पेटी पिळाला दाद देत नाही, उघडी पेटी सहज वाकडी होते. नवखा कारागीर ‘मजबूत हवी’ म्हणून पुढपासून मागपर्यंत बंद पेटी बांधतो, आणि ती इतकी ताठ होते की वळणावर कार्ट नाक सरळ धरून घसरते. याउलट नुसत्या सपाट तक्त्याची कार्ट मधोमध झोळते आणि चाकांच्या मांडणीची मापे (कोन, अंतरे) चालता चालता बदलतात. मधला मार्ग असा : दोन्ही बाजूंना खोल, उभे लाकडी दांडे, चालकाखाली तळाचा तक्ता, पण पुढच्या आणि मागच्या टोकाला पेटी बंद न करता उघडीच ठेवायची. दांड्यांची खोली बाक रोखते आणि उघडी टोके पिळाला वाव देतात. कॅलिफोर्नियातून पसरलेल्या सायकलकार्ट या प्रकारात चाके मोठी, तारांची आणि टायर अरुंद असतात. ते टायर मुळातच घसरतात, म्हणून तिथे ताठ लाकडी चॅसी खपून जाते. रुंद, चिकट टायरांच्या कार्टला ती सवलत नाही.

तंतूंची दिशा पिळाच्याच हिशेबाने ठरते. प्लायमध्ये एकाआड एक थर काटकोनात असतात, त्यामुळे लांबी-रुंदीत ते सारखेच ताठ वाटते. पण तक्ता पिळताना त्याच्या प्रतलात येणारा कातरजोर (समोरासमोरच्या कडांना उलट दिशांना सरकवणारा जोर) सोसायला तिरपे तंतू जास्त उपयोगी पडतात. म्हणून जिथे पीळ रोखायचा आहे तिथला तक्ता ४५ अंशांत कापून लावतात. त्यात बराच माल वाया जातो आणि आठ बाय चारच्या तक्त्याची किंमत पाहता हात आखडतो, हे खरेच.

बाकदार भागांसाठी ३ किंवा ४ मिमी.चे पातळ प्लाय साच्यावर वाकवून थर देतात. साच्यातून काढल्यावर भाग थोडा उलटा उघडतो; थर जितके जास्त तितके हे उघडणे कमी. चार थरांत ते एका थराच्या साधारण सोळाव्या हिश्शावर येते.

प्लाय निवडताना तक्त्याची कापलेली कड बघावी, वरचा चकचकीत थर नव्हे. चांगल्या १२ मिमी. बर्च प्लायमध्ये नऊ थर मोजता येतात. स्वस्त मालात तेवढ्याच जाडीत कमी, जाड थर आणि मध्ये बोटाचे नख जाईल अशा फटी दिसतात. बोटाच्या पेराने ठोकत गेले की पोकळीवर आवाज बद्द येतो. भारतात आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लाय या कामाला योग्य, कारण त्याचा डिंक ७२ तास उकळण्याच्या चाचणीतून जातो. आयएस ३०३ मधला साधा एमआर (ओलाव्यापुरता टिकणारा) दर्जा कपाटाला ठीक आहे, कार्टला नाही. जोडकामाला सुताराकडचा पांढरा गोंद चालत नाही. सतत भार राहिला की तो हळूहळू सरकतो. इपॉक्सी (दोन घटक मिसळून वापरायचा डिंक) घ्यावे, कोपऱ्यात त्यात बारीक भुसा किंवा सिलिका मिसळून गोलसर भर द्यावी. प्लायच्या कडेत स्क्रू पिळून केलेला सांधा फक्त चिकटेपर्यंत धरून ठेवण्यापुरता असतो.

लाकडी कार्ट मोडते ती सहसा लाकडात नाही, लोखंड लाकडाला भेटते तिथे. ८ मिमी.चा बोल्ट सरळ प्लायमधून आवळला की वॉशरखालचे लाकूड दबते, आठवड्याभरात नट सैल होतो, भोक लांबट होते. उपाय जुना आहे, नावा बांधणारे तोच करतात. भोक आधी १२-१४ मिमी.चे पाडायचे, भर घातलेल्या इपॉक्सीने बुजवायचे, वाळल्यावर त्यात ८ मिमी.चे भोक पाडायचे. बोल्ट आता इपॉक्सीवर टेकतो आणि पाणीही आत शिरत नाही. दोन्ही बाजूंना निदान ३ मिमी.ची पट्टी द्यावी, नुसता वॉशर पुरत नाही.

साखळीची ओढ लोक विसरतात. १९६ सीसीच्या होंडा जीएक्स२०० जातीच्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) १२.४ न्यूटन-मीटर आहे. ४० नंबरच्या साखळीवर १२ दात्यांचे स्प्रॉकेट (दातेरी चक्र) असेल, तर साखळी साधारण ५० किलोच्या जोराने ओढते. इंजिन एका लाकडी तुकड्यावर आणि मागच्या चाकांचा दांडा धरणारे पेडेस्टल बेअरिंग दुसऱ्यावर असेल, तर प्रत्येक वेगवाढीला दोघे एकमेकांकडे खेचले जातात, साखळी ढिली पडते आणि उडते. इंजिन आणि मागच्या चाकांचा दांडा एकाच धातूच्या पट्टीवर बसवून ती पट्टी लाकडावर टेकवावी.

चाचणी साधी आहे. तीन चाके ठोकळ्यांवर ठेवायची, चौथे मोकळे सोडून त्या कोपऱ्यावर वजन ठेवायचे आणि तो किती खाली गेला ते पट्टीने मोजायचे. वजन काढल्यावर कोपरा पूर्ण वर यायला हवा. कर्र आवाज आला तर कुठला तरी सांधा सुटतोय.

घरी वाळवलेले साधे इपॉक्सी ५०-६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. काळ्या रंगाची चॅसी विदर्भातल्या मे महिन्यात उघड्यावर ठेवली तर हे तापमान सहज गाठले जाते, म्हणून रंग फिका द्यावा. सायलेन्सर आणि प्लाय यांच्यात मोकळी जागा व मध्ये पत्रा हवा. पावसाळ्याआधी सगळ्या कापलेल्या कडा इपॉक्सीने भरून घ्याव्यात, कारण पाणी तक्त्याच्या तोंडावरून कमी आणि कडेतून जास्त शिरते.

आंतरराष्ट्रीय कार्टिंगच्या नियमांनुसार चॅसी चुंबकीय पोलादाची असावी लागते. त्यामुळे प्लायवूडची कार्ट अधिकृत शर्यतीत उतरत नाही. ती मोकळ्या मैदानात किंवा बंद आवारात, बेतात वेग ठेवून आणि हेल्मेट घालून चालवतात. जोराची धडक बसली तर पोलादी नळी वाकते, प्लाय मात्र तुटून त्याच्या टोकदार चिरफळ्या निघतात. पायांजवळचा भाग आतून फायबरग्लासचे कापड लावून मढवतात तो याच कारणासाठी.