मोझर, हवा आणि एक तास

जानेवारी 1984. मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरने एका तासात 50.808 किलोमीटर सायकल मारली आणि बेल्जियमच्या एडी मर्क्सचा 1972चा 49.431 किलोमीटरचा विक्रम मोडला. एवढ्यावर भागलं नाही. चारच दिवसांनी तो परत उतरला आणि आकडा 51.151 वर नेला. 1977चा जगज्जेता, पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली नामांकित सायकल शर्यत सलग तीनदा जिंकलेला हा गडी तेव्हा बत्तिशीत होता.

मर्क्सपेक्षा पावणेदोन किलोमीटर जास्त, त्यात काय मोठंसं? पण या वेगाला सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग साडेतीन टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती जवळपास 11 टक्के जास्त हवी. मेक्सिको सिटी 2,200 मीटरहून उंच, तिथली हवा विरळ. पण मर्क्सनेही विक्रम तिथेच केला होता, म्हणजे तो फायदा दोघांना सारखाच.

फरक होता चाकांत. फिरत्या चाकाचा वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. मोझरच्या बाबतीत ताशी शंभराच्या वर. तिथे साधे आरे रवीसारखी हवा घुसळत बसतात. मोझरची चाकं थाळीसारखी सपाट, बंद होती.

तरी सगळं श्रेय चाकांना देणं मला पटत नाही. इटलीतल्या फेराराचे प्राध्यापक फ्रान्चेस्को कोंकोनी यांचा चमू त्याच्या हृदयाचे ठोके मोजून सराव आखत होता. शिवाय स्वतःचंच आधी काढून ठेवलेलं रक्त परत चढवून घेतल्याचं मोझरने पुढे कबूल केलं. तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. तेव्हा नियमांत त्यावर बंदी नव्हती, एवढंच.

त्याच वर्षी जिरो दि'इतालिया या इटलीतल्या अनेक दिवसांच्या शर्यतीच्या शेवटच्या दिवशी, व्हेरोनाला, त्याने फ्रान्सच्या लोराँ फिन्योंला मागे टाकलं. तिथेही भांडण हवेचंच! चित्रीकरणाच्या हेलिकॉप्टरचा वारा आपल्याला आडवा आला, असं फिन्यों म्हणत राहिला.

दहा वर्षांनी, 1994 मध्ये, बेचाळिशीतला मोझर पुन्हा मेक्सिकोला गेला. या वेळी स्कॉटलंडचा सायकलस्वार ग्रॅम ओब्री याच्यासारखे हात छातीखाली दुमडून. 51.840 किलोमीटर! ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनचा 52.270 चा विक्रम हुकला, पण तरुणपणच्या मोझरला त्याने 689 मीटरनी हरवलं.