२७ इंचांचं गणित

जुनं वर्तमानपत्र उलगडा, त्यातून ६० बाय ३४ सेंटीमीटरचा तुकडा कापा आणि सध्याच्या मॉनिटरवर चिकटवून रोजच्या खुर्चीत बसा. हा झाला २७ इंची मॉनिटर. ७१ बाय ४०चा तुकडा म्हणजे ३२ इंची. माझा भाचा साठवलेल्या पैशांतून गेमिंगसाठी मोठा मॉनिटर घ्यायला निघाला, तेव्हा दुकानात जाण्याआधी मी त्याला हे करायला लावलं. ३२चा कागद लावून तो पाच मिनिटं बसला आणि म्हणाला, "मामा, कोपऱ्यातला नकाशा बघायला मान वळवावी लागतेय."

जाहिरातीतले इंच कर्णाचे असतात, म्हणून २४, २७ आणि ३२ हे आकडे जवळजवळचे वाटतात. प्रत्यक्षात २७ इंची पडद्याचं क्षेत्रफळ २४ इंचीच्या जवळपास सव्वापट असतं आणि ३२ इंचीचं पावणेदोनपट. पण डोळ्याला इंच कळत नाहीत, त्याला कळतो कोन. ६० सेंटीमीटरवरून २४ इंची पडदा साधारण ४८ अंशांची रुंदी व्यापतो. ३२ इंची पडदा ८० सेंटीमीटरवर ठेवला तर तोही तेवढेच ४८ अंश व्यापतो. म्हणजे मोठा पडदा घेऊन मागे सरकलात, तर मोठेपणासाठी मोजलेले पैसे अंतरानेच खाल्ले. उलट मागे सरकायला जागा नसेल, तर ६० सेंटीमीटरवर ३२ इंची पडदा ६१ अंश पसरतो, आणि आपल्या नजरेतला खरा तीक्ष्ण भाग जेमतेम दोन अंशांचा! बाकीचं सगळं डोळे आणि मान फिरवून गोळा करावं लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच कॉम्प्युटर टेबलांची खोली ६० सेंटीमीटरच्या आसपास असते आणि मॉनिटरचा पाय त्यातली चांगली वीतभर जागा अडवतो. त्यामुळे आधी टेबल मोजा. रेसिंग किंवा गोष्टीत रमवणारे गेम खेळणाऱ्याला पडदा नजरेच्या कडांपर्यंत पसरलेला आवडतो, शूटर खेळणाऱ्याला सगळं एका दृष्टिक्षेपात हवं असतं.

आता दुसरा कोन, अगदी बारीक. डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या तक्त्यावरची ६/६ची ओळ ज्याला वाचता येते, त्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो. पडदा ६५ सेंटीमीटरवर असेल तर हा तपशील ०.१९ मिलिमीटर भरतो. २४ इंची फुल एचडी मॉनिटरचा एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, ०.२८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे नीट पाहिलं तर कडा किंचित दातेरी दिसतात, पण त्याची सवय झालेली असते. तेच १९२० बाय १०८० पिक्सेल २७ इंचांवर ताणले की एकेक पिक्सेल ०.३१चा होतो आणि ३२ इंचांवर ०.३७चा. पडदा मोठा झाला, चित्रात भर काहीच पडली नाही, फक्त दाणा जाड झाला. कमी पैशात मोठा मॉनिटर शोधणारे सर्वांत जास्त फसतात ते इथे, कारण २७ इंची फुल एचडी स्वस्त दिसतो. अक्षरांच्या कडा आणि दूरवरचा शत्रू मात्र त्यात विरघळतात. माझं मत स्पष्ट आहे: २७ इंच घ्यायचा तर क्यूएचडी, म्हणजे २५६० बाय १४४० पिक्सेलचाच घ्यावा. त्यातला पिक्सेल ०.२३ मिलिमीटरचा असतो. आणि ३२ इंची क्यूएचडीचा दाणा बरोबर २४ इंची फुल एचडीएवढा असतो, कारण लांबी-रुंदी आणि पिक्सेल दोन्ही एकाच प्रमाणात, चारास तीन असे, वाढतात. म्हणजे ३२ इंची क्यूएचडी किती सुबक दिसेल हे पाहायला दुकानात जायची गरज नाही. २४ इंची फुल एचडी तुम्हाला खटकत नसेल, तर तोही खटकणार नाही.

'घरातला ३२ इंची टीव्हीच जोडतो' असं म्हणणाऱ्यांनी त्या टीव्हीची माहिती एकदा वाचावी. स्वस्त ३२ इंची टीव्ही बहुधा १३६६ बाय ७६८ पिक्सेलचे असतात. फुल एचडीच्या जवळजवळ निम्मे पिक्सेल, आणि प्रत्येक अर्ध्या मिलिमीटरहून मोठा. शिवाय टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो, त्यामुळे माउस हलवल्यावर नेम उशिरा हलतो. गेम मोड असेल तर हा उशीर कमी होतो, दाणा मात्र तेवढाच राहतो.

पिक्सेल वाढले की ते रंगवायचं ओझं ग्राफिक्स कार्डावर पडतं. फुल एचडीत २०.७ लाख पिक्सेल, क्यूएचडीत ३६.९ लाख, फोर-केमध्ये ८२.९ लाख. हे काम प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, सेकंदाला साठ-सत्तर वेळा. फ्रेम अगदी याच प्रमाणात घटत नाहीत, कारण गेमचं सगळं काम पिक्सेलमागे नसतं, पण घट जाणवते. गेमचं रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलसंख्या, खाली आणलं तर? क्यूएचडी पडद्यावर फुल एचडी चित्र बसवताना एका पिक्सेलला आडवा आणि उभा, दोन्हीकडे एक पूर्णांक एक तृतीयांश पिक्सेल वाट्याला येतो. हा अपूर्णांक पडद्याला दाखवता येत नाही, मग तो शेजाऱ्यांत वाटला जातो आणि चित्र धूसर होतं. एफएसआर किंवा डीएलएसएससारखी तंत्रं हेच काम हुशारीने करतात: कमी पिक्सेल रंगवून उरलेले अंदाजाने भरतात. मध्यम कार्डवाल्याला क्यूएचडी परवडतो तो यांच्यामुळेच. कार्ड फुल एचडीतच धापा टाकत असेल, तर २४ इंची वेगवान मॉनिटर घेऊन तो जवळ ओढून बसणं जास्त शहाणपणाचं.

वेगवान म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा पडदा एक चित्र १६.७ मिलिसेकंद जागचं न हलवता धरून ठेवतो. पण धावणाऱ्या गाडीचा पाठलाग करणारा डोळा थांबत नाही, तो सलग सरकत राहतो. चित्र थांबलेलं, डोळा चालता, त्यामुळे दृष्टिपटलावर ते चित्र फरपटतं. २७ इंची पडदा एका सेकंदात पार करणारी गाडी ६० हर्ट्झवर सुमारे एक सेंटीमीटरभर पुसट होते, १४४ हर्ट्झवर चार मिलिमीटर. पिक्सेल कितीही चपळ असले तरी ही फरपट राहतेच. हाच हिशेब पुढे नेला तर खर्च कुठे थांबवायचा तेही कळतं. ६०वरून १४४वर गेल्यावर प्रत्येक फ्रेममागे जवळपास १० मिलिसेकंद वाचतात, १४४वरून २४०वर गेल्यावर तीनही नाहीत. खोक्यावरच्या '१ एमएस'वर, म्हणजे एका मिलिसेकंदाच्या दाव्यावर, मी फार विसंबत नाही. कधी तो आकडा एका करड्या छटेवरून दुसरीवर जाण्याचा असतो, कधी मागचा दिवा लुकलुकवून मिळवलेला, आणि दोन्हींची तुलना होत नाही.

पॅनेलच्या, म्हणजे मॉनिटरमधल्या चित्र दाखवणाऱ्या थराच्या, मुळाशी द्रवस्फटिक आहेत, आणि त्यांची गोष्ट गाजरापासून सुरू होते. १८८८ साली प्रागमध्ये फ्रिडरिश रायनित्सर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्यापासून केलेला एक पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना पुन्हा बदलून नितळ. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे द्रवस्फटिक: वाहतो द्रवासारखा, रेणू मात्र शिस्तीत. विजेने ही शिस्त बदलता येते आणि प्रकाशाची वाट उघडते किंवा मिटते. याच कथेत बंगळुरूही आहे. १९७७मध्ये रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी दाखवून दिलं की काडीसारखेच नव्हे, तर थाळीसारखे चपटे रेणूही द्रवस्फटिक बनवतात. पुढे अशाच थाळी-रेणूंचे पापुद्रे टीएन या स्वस्त जातीच्या पडद्यांवर बसवून त्यांचा पाहण्याचा कोन रुंदावला गेला.

हा कोन मोठ्या पडद्यात जास्त महत्त्वाचा. ६० सेंटीमीटरवरून २७ इंचीच्या मधोमध बसलात, तरी डावी-उजवी कड तुम्ही २६ अंश तिरक्या नजरेने पाहता. टीएनचे रंग खाली-वर तर याहून कमी कोनातही फिरतात, म्हणून मोठ्या आकारात तो नको. उरतात पॅनेलच्या दोन जाती, आयपीएस आणि व्हीए. आयपीएसचे रंग कडांपर्यंत टिकतात, पण पांढऱ्या-काळ्यातलं प्रमाण हजारास एकच्या आसपास, म्हणून अंधाऱ्या खोलीत काळा राखाडी दिसतो. व्हीएमध्ये ते तीन हजारास एकपर्यंत जातं आणि रात्रीचे प्रसंग खुलतात. मात्र त्याचे पिक्सेल काळ्यातून बाहेर यायला वेळ लावतात, त्यामुळे अंधारात पळणाऱ्या आकृतीमागे काळसर शेपूट राहतं. दिवसा आणि वेगवान खेळणाऱ्याने आयपीएस घ्यावा, रात्री दिवा मालवून सावकाश खेळणाऱ्याने व्हीए. एचडीआरच्या, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवण्याच्या, शिक्क्यासाठी मध्यम किमतीच्या मॉनिटरमध्ये एक रुपयाही जास्त देऊ नये. पडद्याचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद करता येत नसतील, तर त्या शिक्क्याने डोळ्याला फारसं काही मिळत नाही.

अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक मात्र नक्की पाहावं. मध्यम कार्ड कधी ९० फ्रेम देतं, कधी ५५. ठरलेल्या ठेक्याने चालणारा पडदा मग अर्धं जुनं आणि अर्धं नवं चित्र दाखवतो आणि मधून चिरलेली रेघ दिसते. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये पडदा कार्डाच्या तालावर चालतो. २०१३मध्ये ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने हे आणलं तेव्हा मॉनिटरमध्ये वेगळा महागडा भाग लागायचा. जानेवारी २०१९पासून एनव्हिडियाची कार्डंही साध्या अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक मॉनिटरशी जुळवून घेऊ लागली, आणि स्वस्त मॉनिटरला त्या दिवशी खरा भाव आला.

भाच्याने शेवटी २७ इंची क्यूएचडी आयपीएस घेतला आणि टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढून मॉनिटरचा पाय मागे सरकवला. पहिल्याच संध्याकाळी त्याचा फोन आला, "मामा, काहीच फरक दिसत नाही." मी त्याला डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झचा आकडा, वाचायला सांगितला. तिथे ६० होते. केबलही जुन्या मॉनिटरचीच लावली होती. त्याने खोक्यातली डिस्प्लेपोर्ट केबल जोडली, १४४ निवडलं आणि माउस गोल फिरवला. फोनवर क्षणभर आवाजच आला नाही, मग तो म्हणाला, "अरे, हा बाण तर सरपटत नाही, वाहतोय."