पायदळाला चालतो, विमानाला नाही

सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने १८ ते ४१ वयाच्या पुरुषांना सक्तीची लष्करभरती लागू केली. बोलावणं आलेल्या तरुणाला नौदल किंवा हवाई दल हवं असल्याचं सांगता येई. पण प्रत्यक्ष विमानात बसायचं, तर वेगळी आणि फार कडक वैद्यकीय तपासणी पार करावी लागे. पायदळासाठी पहिल्या श्रेणीत बसलेली, धडधाकट पोरं तिथे नापास होत.

त्यातली एक चाचणी मजेशीर होती. नळीत फुंकून पाऱ्याचा स्तंभ ४० मिलिमीटरवर न्यायचा आणि श्वास न घेता जमेल तितका वेळ तिथेच धरून ठेवायचा. छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. डॉक्टर तेवढ्या वेळात नाडी मोजत राहायचे. ही चाचणी मार्टिन फ्लॅक यांची. हृदयाचे ठोके जिथून सुरू होतात ती गाठ १९०७ मध्ये आर्थर कीथ यांच्यासोबत शोधणारे तेच फ्लॅक. माझ्या मते या परीक्षेत फुप्फुसांइतकाच हट्टीपणाही मोजला जात असावा.

कानाचं मात्र हट्टाने भागत नाही. साधारण साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा होतो. वर चढताना मध्यकर्णातली जास्तीची हवा कान आणि घसा जोडणाऱ्या युस्टेशियन नळीतून सहज बाहेर पडते. उतरताना उलट होतं: घशाकडचं तोंड दाबाने मिटतं, हवा आत शिरत नाही आणि पडदा आत ओढला जातो. गिळलं, जांभई दिली की बहुतेकांचा कान मोकळा होतो. जुनाट सर्दीने नळी सुजलेली असेल तर होत नाही. बंदूक घेऊन चालणाऱ्याला हा दोष आयुष्यभर कळणारही नाही. विमान सूर मारत खाली येत असताना मात्र वेदनेने माणूस कळवळतो, पडदा फाटूही शकतो.

डोळ्यांचं थोडं वेगळं. चष्म्याच्या नंबराबाबत मतभेदाला जागा असते. पहिल्या महायुद्धात भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांना दृष्टीमुळे नाकारलं, तेव्हा त्यांनी मोटरसायकल विकून नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली आणि ते उत्तीर्ण झाले. जुलै १९१८ मध्ये त्यांच्या नावावर हवाई लढाईतले दहा विजय लागले. त्याच महिन्यात, एकोणिसाव्या वर्षी, ते मारले गेले.

लाल-हिरव्या रंगांधळेपणावर अशी दाद मागता येत नाही. त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांकडे ते एकच असल्याने हा दोष त्यांच्यात कितीतरी जास्त आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे आठ टक्के. विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा, उजव्यावर हिरवा. धावपट्टीवर उतरायची परवानगीही याच दोन रंगांत दिली जाई. म्हणून नकार.

नापास झालेल्यांतले काही हवाई दलातच जमिनीवरच्या कामाला लागत, बाकीचे पायदळात वगैरे जात. डिसेंबर १९४३ पासून तिसरी वाट निघाली. नोंदणी क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर सोडत काढून भरतीच्या पोरांना कोळशाच्या खाणीत धाडू लागले. विमानासाठी निवडलेल्यांना यातून सूट होती; रंगांधळ्याला नव्हती.