एम्प्रेस मिल: तलावाकाठच्या दलदलीतली गिरणी

1870 च्या दशकात गिरणी काढायची तर मुंबईत, असा रिवाजच पडला होता. जमशेटजी टाटांनीही आधी तेच केलं. चिंचपोकळीची बुडीत तेलगिरणी घेतली, तिची अलेक्झांड्रा मिल केली आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकून टाकली. पुढच्या गिरणीसाठी मात्र ते थेट नागपूरला गेले. हिशोब सरळ होता. कापूस वऱ्हाड-नागपूरकडचा, कोळसा वरोऱ्याचा, आणि 1867 पासून रेल्वे दारात. मग तोच कापूस आधी मुंबईला कशाला न्यायचा?

1874 मध्ये 15 लाखांच्या भांडवलावर कंपनी निघाली. भागधारक होते खरे, पण कारभार टाटांच्याच हाती. जुम्मा तलावाजवळची जागा इतकी दलदलीची की भराव घालण्यातच पैसा चालला. एका मारवाडी सावकाराने म्हणे कर्ज नाकारलं, सोनं मातीत गाडायला निघालाय म्हणून. पुढे त्यानेच कबूल केलं की या माणसाने माती टाकली आणि सोनं काढलं. किस्सा जरा जास्तच गोळीबंद आहे, पण नागपुरात भराव पडला होता एवढं नक्की.

1 जानेवारी 1877 ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून नाव एम्प्रेस. सुरुवात काही शाही नव्हती. स्वस्तात आणलेली यंत्रं कुचकामी निघाली, ती बदलावी लागली. मजुरीवरून त्याच वर्षी संपही झाला. व्यवस्थापक बेझनजी मेहता रेल्वेतून आलेले, सूतकताईचा अनुभव शून्य.

गिरणी खरी सावरली ती रिंग चातीवर, म्हणजे सूत कातायच्या नव्या यंत्रावर. जुन्या म्यूल यंत्रात गाडा पुढे-मागे सरकायचा: आधी सूत ओढून पीळ द्यायचा, मग थांबून गुंडाळायचं. रिंगमध्ये कड्यावर फिरणारी एक चिमुकली तार पीळ देते आणि त्याच वेळी सूत बॉबिनवर चढतं. थांबणं नाहीच. इंग्लंडातले लँकेशायरचे गिरणीवाले अजून नाकं मुरडत होते, तेव्हा 1883 च्या सुमाराला नागपुरात तिचे प्रयोग चालू होते. कामगार वारंवार दांडी मारत, म्हणून बक्षीस समारंभ सुरू झाले. 1886 मध्ये पेन्शन फंड आला. यात दया किती आणि हजेरीची काळजी किती, ते वेगळं काढता येणार नाही.

1986 मध्ये गिरणी सरकारकडे गेली, 2002 मध्ये बंद पडली. जुम्मा तलाव आता गांधीसागर झालाय, आणि गिरणीच्या जागी मॉल आहे. त्याचंही नाव एम्प्रेसच.